पाऊस गगनबावड्याला, पूर शिरोळला

शिरोळकडची माणसे पुरात नेहमी म्हणतात, "आमच्याकडं उघडीप होती, मग एवढं पाणी आलं कुठनं?"

पाणी येते घाटमाथ्यावरून. गगनबावड्याचा पाऊस शिरोळच्या जवळजवळ दहापट. एका एकरावर एक इंच पाऊस पडला, तर ते सुमारे एक लाख लिटर पाणी होते! जूनमध्ये तापलेली जमीन त्यातले बरेच पिऊन टाकते. काळ्या रानाच्या भेगा तर घटाघटा पितात. पण महिनाभराच्या झडीनंतर हीच काळी माती फुगते, भेगा मिटतात आणि वरचा पाऊस तसाच ओढ्याला लागतो. म्हणून तेवढाच पाऊस जूनमध्ये ओढा भरतो आणि ऑगस्टमध्ये नदी.

आता पंचगंगेचा पाणलोट पाहा. हाताचा पंजा पसरा. बोटे म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती. प्रयाग चिखलीपर्यंत सगळ्या एकत्र येतात. पाणलोट लांबट असता, तर उपनद्यांचे पाणी पाळीपाळीने आले असते. इथे सगळ्यांचे लोंढे एकदमच येऊन थडकतात. घाटात तीव्र उतार, म्हणून पाणी धावते. कोल्हापूरच्या खाली सपाटी, म्हणून ते रेंगाळते. त्यात नृसिंहवाडीला कृष्णा भरलेली असली की पंचगंगेला पुढे वाट मिळत नाही, फुग मागे चढते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. धोक्याची पातळी ४३ फूट आहे.

लोक धरणावर फार भिस्त ठेवतात. धरण रिकामे असेपर्यंत ते ठीक. राधानगरी भरले की तिथले स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. मग वरून येईल ते खाली जाणारच.

शेतातल्या ताली, आडवी मशागत, बांधावरचे गवत यांनी असला महापूर थांबत नाही, हे स्पष्ट सांगतो. पण माती रानात राहते, विहिरीला पाणी उतरते आणि ओढा उन्हाळ्याकडे चार दिवस जास्त वाहतो. एवढ्यासाठी तरी ताली फोडू नका.

नदीकाठच्यांनी आपल्या अंगणातला पाऊस मोजून भागणार नाही. गगनबावडा, राधानगरीचा पाऊस रोज विचारा. कृष्णेची पातळीही विचारा. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला पोचले आणि घाटात झड चालूच असेल, तर रस्ता बुडायची वाट पाहू नका. दुभती जनावरे आणि वासरे आधी हलवा, चार दिवसांची वैरण बरोबर घ्या. जी जनावरे मागे राहतील त्यांची दावी सोडून ठेवा.