ग्लायडर वळताना नाक वर नको

अमेरिकेत ग्लायडर एकट्याने उडवायला वयाची १४ वर्षे पुरी झाली की पुरते. मोटारीच्याही आधी! त्यामुळे ज्या घरातला मुलगा किंवा मुलगी ग्लायडिंग शिकू म्हणते, तिथे आई-वडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला: इंजिन नाही, मग वर बंद पडले तर? बंद पडायला ते मुळात नाहीच, तेव्हा ती काळजी सोडा. काळजी करायची ती वेग कमी, नाक वर अशा वळणाची.

पंख हवेला ठराविक कोनापर्यंतच भिडू शकतो. नाक ओढत नेऊन तो कोन फार वाढवला, की पंखाच्या पाठीवरची हवा सुटते आणि उचल ढासळते. हाच ‘स्टॉल’. जर्मनीचा ऑटो लिलिएंथाल १८९६ च्या ऑगस्टमध्ये असाच सुमारे १५ मीटरवरून पडून गेला.

वळणात पंखांवरचा भार वाढतो. सरळ उडताना ताशी ६० किलोमीटरला स्टॉल होणारे ग्लायडर ४५ अंश कलले की ७१ लाच होते, ६० अंशांत ८५ ला. त्यात पंख लांबलचक. १५ मीटर पंखांचे ग्लायडर ४५ अंश कलून ८० च्या वेगाने वळते, तेव्हा आतल्या टोकाला वेग मिळतो साधारण ७२, बाहेरच्याला ८८. म्हणून आतला पंख आधी पडतो आणि ग्लायडर गरगरत खाली निघते. हा ‘स्पिन’.

इथे हाताची सवय घात करते. पडणारा पंख उचलायला स्टिक उलट्या बाजूला न्यावीशी वाटते. पण त्याने त्या पंखाचा एलेरॉन खाली उतरतो, कोन आणखी वाढतो. आधी स्टिक पुढे करावी. स्पिन सुरूच झाला तर एलेरॉन मध्यावर, उलट बाजूचा रडर पूर्ण, मग गरगरणे थांबेपर्यंत स्टिक पुढे. थांबताच रडर मध्यावर आणि सावकाश सुरातून बाहेर. (नेमका क्रम त्या ग्लायडरच्या पुस्तिकेत असतो.)

थर्मलमध्ये वर चढताना हे करायला उंची असते. उतरतानाच्या शेवटच्या वळणात नसते. जमीन जवळ दिसली की पंख कलवायची भीती वाटते, मग वैमानिक नुसत्या रडरने नाक वळवतो. नाक घसरते, तो स्टिक ओढतो. त्यापेक्षा वेग वळणाआधीच ठरवावा, पंख नीट कलवावा आणि काचेवर चिकटवलेला लोकरीचा धागा सरळ मागे राहतो ना, हे पाहावे. दहा पैशांचा धागा, पण महागड्या उपकरणांपेक्षा खरे बोलतो.

अमेरिकेत ग्लायडरच्या खासगी परवान्याच्या परीक्षेत स्पिन करून दाखवावा लागत नाही. त्याचे शिक्षण सक्तीचे आहे ते प्रशिक्षक होणाऱ्यांना. मला हे पटत नाही. मुलांना एकटे सोडण्याआधी शिक्षकाबरोबर, भरपूर उंचीवर तो करून घेणार का, हे क्लबात जरूर विचारा.