क्षितिजाला धरून मोजलेला किनारा

देवबागेत किनारा मोजायचा तर पहिला प्रश्न पडतो, सुरुवात कुठून करायची? मालवण तालुक्यातला हा वाळूचा चिंचोळा दांडा. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदी. समुद्राच्या इतक्या जवळ येऊनही नदी दक्षिणेकडे वळते आणि दांड्याच्या टोकाशी समुद्राला मिळते. उत्तरेला तो तारकर्लीशी जोडलेला आहे, म्हणून याला बेट म्हणायचं नाही इतकंच. भूगोलाच्या विद्यार्थ्यांबरोबर आम्ही हलणार नाही अशी जागा शोधत होतो. शेवटी एका विहिरीच्या कट्ट्यावर सरांनी रंगाची खूण केली.

"आमच्या बावीचा पाणी गोडाच आसा," घरधनीण अभिमानाने म्हणाली. दोन्हीकडे खारं पाणी असताना हे कसं? वाळूत मुरलेलं पावसाचं पाणी हलकं, ते खाऱ्या पाण्यावर तरंगतं. दांडा अरुंद झाला की हा साठाही आटतो. धूप नुसती जमीन नेत नाही.

साधनं दोनच: सारख्या उंचीच्या, खुणा केलेल्या दोन काठ्या आणि ठरावीक लांबीची दोरी. के. ओ. एमरी यांनी १९६१ मध्ये मांडलेली ही पद्धत. एक काठी समुद्राकडे, दुसरी मागे. मागच्या मुलीने वाकून पुढच्या काठीचं टोक आणि क्षितिज एका रेषेत आणायचं. ती रेषा तिच्या काठीला टोकापासून जितकी खाली लागते, तितका उतार. गवंड्याच्या पाणसळीचं काम इथे समुद्रच करतो.

"सतरा!" वहीत नोंद होते, काठ्या पुढे सरकतात. मर्यादवेल संपून उघडी वाळू लागली आणि एके ठिकाणी गणित उलटलं. "सर, इथे चढ आहे!" पावसाळ्यानंतरच्या शांत लाटांनी परत आणून रचलेला तो उंचवटा. जूनमधल्या लाटा हीच वाळू ओढून पाण्याखाली नेतात. म्हणूनच एकदा मोजून भागत नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर, त्याच खुणेपासून, वर्षानुवर्षं मोजावं लागतं.

दगडी बंधाऱ्यापुढे दोरी जेमतेम दोनदा ताणली, तोच पाणी आलं. वाळूच्या उतारावर लाट चढता चढता दमते. दगडावर आपटली की परतताना पायथ्याची वाळू घेऊन जाते. ज्याचं घर मागे आहे त्याने बंधारा मागावाच. पण बंधारा संपतो तिथे धूप वाढते, आणि तो कुठे संपवायचा हे ठरवण्याआधी अशा वह्या भरलेल्या हव्यात. सरांनी त्या टोकाशी जादा रेषा घ्यायला लावल्या. मे महिन्यात पुढची तुकडी तिथेच काठ्या लावणार आहे.