मासळी देऊन मका

आज आम्ही तुम्हाला इंडोनेशियातल्या लेम्बाता बेटावर नेणार आहोत. बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर लामालेरा नावाचं गाव आहे. समोर समुद्र, मागे डोंगर, पायाखाली खडक. शेतीला जागा फारशी नाहीच. मग घरात धान्य येतं कुठून?

इथले पुरुष होडीच्या टोकावरून भाल्यासकट उडी घेऊन देवमासा मारतात. त्यांचं हे धाडस जगभर दाखवलं जातं. पण नुसत्या मांसावर चूल चालत नाही. पुढचं काम बायकांचं. त्या मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवतात, टोपलीत भरून डोक्यावर घेतात आणि डोंगरातल्या गावांची वाट चालू लागतात. तिथं मका आणि केळी पिकतात, पण मासळी नसते. जवळच्या वुलांदोनीला शनिवारचा बाजारही भरतो. तिथं वस्तूला वस्तू देतात. मासळीचा तुकडा दिला की मका किंवा केळी मोजून मिळतात. खिशात पैसा नसला तरी घरी धान्य येतं.

देवमासा रोज मिळत नाही. होड्या रिकाम्या परतल्या, तर वाळवून ठेवलेल्या मांसावर आणि बदलून आणलेल्या मक्यावरच घर तगतं. म्हणजे शिकार पुरुषांची, पण तिचं जेवण होतं ते बायकांच्या पायपिटीमुळे.

सख्यांनो, आपल्याही घरात निवडणं, वाळवणं, साठवणं, बाजारात नेणं कोण करतं? गटाच्या पुढच्या बैठकीत या कामाचे तास एकदा वहीत मांडून बघूया.