पहारेकऱ्यालाच झोपवू नये

कफयुक्त खोकल्याने रात्र सरत नाही, आणि मग कपाटातील जुनी झोपेची गोळी आठवते. परंतु खोकला हा फुप्फुसांचा पहारेकरी आहे. साचलेला कफ तोच बाहेर टाकतो. डायझेपाम, अल्प्राझोलाम यांसारखी औषधे श्वसन मंदावू शकतात, खोकल्याची प्रतिक्षिप्त क्रियाही क्षीण करू शकतात. वृद्धांना व दीर्घकालीन श्वसनविकार असणाऱ्यांना हा धोका अधिक. म्हणूनच २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ अनुसूचीनुसार अशा औषधांच्या विक्रीची नोंद विक्रेत्याला तीन वर्षे जपावी लागते, असे म्हणणे पुरेसे नाही. रुग्णानेही दक्ष राहावे. नियमित गोळी एकाएकी बंद न करता डॉक्टरांना सांगावी. दोन आठवडे खोकला टिकल्यास क्षयरोगासाठी थुंकी तपासून घ्यावी. शासकीय केंद्रांत ही तपासणी विनामूल्य होते.