मोबाइलवर दुकान मांडताना

आपल्या वस्त्यांतून आता एक नवीन धंदा मूळ धरू लागला आहे. कोणी ताई डंकावरून कुटून आणलेला मसाला अर्ध्या किलोच्या पिशव्यांत भरून मोबाइलवरून विकते. कोणी पांढऱ्या साड्या विकते, कोणी बुद्धमूर्ती. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांचा स्टॉल लावणारा एखादा तरुण वर्षाचे उरलेले दिवस पार्सलने पुस्तके पाठवतो. गाळा नाही, पागडी नाही, भाडे नाही. गिरण्या केव्हाच गेल्या, ज्या नोकऱ्या मिळतात त्या कंत्राटी. अशा काळात आपल्या मुलामुलींनी हा मार्ग धरला तर त्यांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु ह्या धंद्यात घातलेला पैसा बहुधा आईच्या भिशीचा, वडिलांच्या ग्रॅच्युइटीचा किंवा सोनाराकडे गहाण पडलेल्या दागिन्याचा असतो. तो बुडाला तर धाकट्या मुलीचे कॉलेज बंद पडते. म्हणून पाय कुठे घसरतो ते आधीच पाहून ठेवलेले बरे.

पुष्कळांची फसगत माल विकण्याच्या आधीच होते. ‘घरबसल्या महिन्याला लाख रुपये कमवा’ असे सांगणारे शिकवणीवाले गल्लोगल्ली झाले आहेत. पाच-दहा हजार फी घेऊन ते जे शिकवतात, ते शेजारचा बारावीतला मुलगा चहाच्या कपावर दाखवील. त्याहून वाईट म्हणजे साखळीचा धंदा. आधी पैसे भरा, मग चार माणसे आणा, त्यांनी आणखी चार आणली की तुम्हाला कमिशन! १९७८ च्या कायद्याने असल्या पैसाफिरवू योजनांवर बंदी आहे आणि २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांतही पिरॅमिड योजना मना आहेत. तरी कोणी ओळखीचा, विहारात शेजारी बसणारा माणूस ‘जय भीम’ घालून सांगू लागला की आपण कायदा विसरतो. माल विकून पैसा मिळतो की माणसे आणून, एवढे एकच विचारावे. उत्तर माणसांचे असेल तर उठून यावे.

आता हिशेबाकडे वळू, कारण खरे नुकसान इथेच होते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. समजा, एका वहिनींनी २५० रुपयांना एक कुर्ता घेतला आणि ४०० ला विकायला काढला. मनातल्या मनात त्या एका नगामागे १५० रुपये नफा धरतात. दहा नगांचे १,५०० झाले! पण कुरिअरला नगामागे ७० रुपये जातात, पिशवी आणि चिकटपट्टीला १०. सगळा माल खपला तरी हाती ७०० च राहतात. आता त्या दहांपैकी तीन गिऱ्हाइकांनी दारात पार्सल घेतलेच नाही असे धरा. माल पोहोचल्यावर पैसे, अशी सोय ठेवली की हे होतेच. फोन लागत नाही, घराला कुलूप आहे, नाहीतर ‘आता नको’ म्हणून सांगतात. परत येण्याचेही ७० रुपये द्यावे लागले, तर सात नगांचे आले २,८०० आणि गेले २,७६०. पंधरा दिवसांच्या धावपळीचे चाळीस रुपये! शिवाय परत आलेले तीन कुर्ते चुरगळलेले.

ह्यावर उपाय आहे. नव्या गिऱ्हाइकाकडून निदान जाण्यायेण्याच्या खर्चाइतकी रक्कम आधी घ्यावी. पाठवण्यापूर्वी एकदा फोन करून पत्ता आणि पिनकोड पक्का करावा. मोठ्या कंपन्यांच्या बाजारपेठेवर माल लावत असाल तर त्यांचे कमिशन, परतीचे नियम आणि पैसे किती दिवसांनी खात्यात येतात हे आधी वाचावे, मग किंमत ठरवावी. शेजारचा दुकानदार ३९९ ला विकतो म्हणून आपण ३८९ लावणे हा धंदा नव्हे.

भांडवलाची गोष्टही ह्याला लागूनच आहे. आपल्याकडे विक्रीचा पैसा आणि घरखर्चाचा पैसा एकाच खात्यात पडतो. महिनाअखेर रेशन, गॅस, शाळेची फी त्यातूनच भागते, आणि पुढचा माल घ्यायची वेळ आली की पुन्हा बचत गटाकडे किंवा सावकाराकडे हात पसरावा लागतो. ह्या बाबतीत सिगालोवाद सुत्तातला हिशेब आजही चोख लागू पडतो. मिळकतीचे चार भाग करावेत. एक उपभोगासाठी, दोन व्यवसायात, आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवावा, असे भगवंतांनी सिगाल नावाच्या गृहस्थाला समजावले. हातावर पोट असलेल्याला हे तंतोतंत जमणार नाही, हे मान्य. पण निदान धंद्याचे खाते वेगळे उघडा आणि त्याचे कार्ड घरातल्या कोणाच्याही हाती देऊ नका, अगदी लाडक्या लेकाच्याही!

आपल्या लोकांचा आणखी एक खड्डा म्हणजे १४ एप्रिलचा माल. जयंतीच्या आधी झेंडे, फेटे, छायाचित्रांचे टी-शर्ट ह्यांचा उठाव असतो खरा, पण मुंबईहून विदर्भात पार्सल १६ तारखेला पोहोचले तर त्याचे काय करायचे? शिल्लक राहिलेला गठ्ठा पुढच्या वर्षापर्यंत पलंगाखाली पडतो. सणाचा माल मर्यादितच घ्यावा आणि महिनाभर आधी विकायला काढावा. बारमाही खपणारी एखादी तरी वस्तू सोबत असावी.

कागदपत्रांना लोक भितात, आणि त्या भीतीवर दलाल पोसले जातात. लघुउद्योगाची उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर पूर्णपणे फुकट होते. आधार आणि पॅन लागते. ह्यासाठी दोन-दोन हजार उकळणारी सरकारी दिसणारी खोटी संकेतस्थळे आहेत, त्यांच्यापासून जपावे. खाद्यपदार्थ घरी केले तरी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी हवीच, आणि तिचा चौदा आकडी क्रमांक पाकिटावर छापायचा असतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्याला जीएसटी नोंदणीशिवाय ऑनलाइन बाजारपेठेवर माल विकता येतो. मात्र आपल्याच राज्यात, आणि त्यासाठी जीएसटीच्या संकेतस्थळावरून नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. नागपूरच्या ताईंनी रायपूरला माल लावला तर त्यांना ही सवलत लागू होत नाही, हे पुष्कळांना खाते बंद पडल्यावर कळते.

पाकिटावर वजन, किंमत, महिना-वर्ष आणि विकणाऱ्याचे नाव-पत्ता असावे लागते. इथे एक नाजूक प्रश्न उभा राहतो, जो शिकवणीवाले कधी काढत नाहीत. मसाल्याच्या पाकिटावर आपले आडनाव छापावे का? ‘ताई, नुसते पहिले नाव टाका, आडनाव कशाला, गिऱ्हाईक बिचकते,’ असा सल्ला आपलेच लोक देतात. हे भय उगाच आलेले नाही. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होण्यापूर्वी खुद्द बाबासाहेबांनी मुंबईत शेअरच्या व्यापाऱ्यांना सल्ला देणारी पेढी काढली होती. पेढी बरी चालली होती. पण सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली आणि ती बंद करावी लागली. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या माणसाची ही गत! शंभर वर्षांनी, २०१६ साली, चंद्रभान प्रसाद ह्यांनी उलटे पाऊल टाकले. त्यांनी ‘दलित फूड्स’ ह्याच नावाने हळद, तिखट, आंब्याचे लोणचे ऑनलाइन विकायला काढले. ज्याला घ्यायचे नाही त्याने घेऊ नये, असा तो रोकडा मामला होता.

मालाचे नाव काही ठेवा, पण विकणाऱ्याचे नाव दडवू नका, असे आमचे मत आहे. एक तर कायद्याने ते दडवता येत नाही. दुसरे, खोटे नाव लावून मिळवलेले गिऱ्हाईक ज्या दिवशी खरे नाव कळेल त्या दिवशी जाईल, आणि तोवर रोज धाकधूक. मिरची निवडून घेतलेली असली, वजन पुरेपूर असले, तर पुन्हा मागवणारेही भेटतात. त्याच वेळी ‘आपल्या माणसाने आपल्याकडूनच घ्यावे’ ह्या भावनेवर सगळी मदार ठेवू नये. पहिली पिशवी प्रेमाने घेतली जाते, दुसरी चवीने. आणि भावकीतली उधारी तर मुळीच नको. तीत पैसाही जातो आणि भाऊही.

पुस्तके विकणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांचा स्वामित्व हक्क २०१६ च्या अखेरीस संपला, म्हणून ते कोणालाही छापता येतात. परंतु त्यांचे अनुवाद, त्यांना जोडलेल्या प्रस्तावना आणि टिपा ह्यांचे हक्क वेगळे असतात. दुसऱ्याचा अनुवाद उचलून, नवे मुखपृष्ठ चढवून विकला तर नोटीस येऊ शकते. दुसऱ्या दुकानातले फोटो उचलण्याचेही तेच. आपल्याच वस्तूचा फोटो खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात काढावा. गिऱ्हाइकाला जे दिसले तेच मिळाले तर माल परत येत नाही.

दुकान भाच्याच्या नंबरवर आणि त्याच्याच ईमेलवर उघडण्याची चूक तर घरोघरी आहे. भाचा पुण्याला नोकरीला जातो, नंबर बदलतो, आणि दोन वर्षांत जमवलेली गिऱ्हाइके एका ओटीपीअभावी हातची जातात. भाच्याने शिकवावे, नंबर, पासवर्ड आणि खाते धंदा करणाऱ्या बाईच्याच नावावर असावे.

‘ताई, मोठी ऑर्डर आहे, पैसे पाठवतो, एवढा क्यूआर स्कॅन करून पिन टाका,’ असा फोन आला तर तो ठेवून द्यावा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. तसेच कोणी ‘खाते महिनाभर वापरायला दे, हजार रुपये देतो’ म्हणाले तर तरुणांनी भुलू नये. त्या खात्यातून चोरीचा पैसा फिरतो आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात. पैसे गेलेच तर त्याच तासाला १९३० ह्या क्रमांकावर तक्रार करावी. जितका उशीर, तितका पैसा पुढे सरकलेला असतो.

भांडवल हवे असेल त्यांनी सावकाराकडे जाण्यापूर्वी बँकेत मुद्रा योजनेची चौकशी करावी. तिच्यातले शिशु कर्ज पन्नास हजारांपर्यंत मिळते आणि त्याला तारण लागत नाही. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयातही जाऊन यावे. जाताना जातीचा दाखला सोबत घ्यावा. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या आहेत, तेव्हा ‘तुम्ही बौद्ध, तुम्हाला लागू नाही’ असे खिडकीवर कोणी सांगितले तर परत फिरू नये, नकार लेखी मागावा.