जात्यापासून चव्हाट्यापर्यंत

नवरा बायकोला मारतो, ही गोष्ट आपल्या समाजात कधीच गुप्त नव्हती. ती सर्वांस ठाऊक असावी आणि कोणी उच्चारू मात्र नये, एवढाच काय तो संकेत होता. पहाटे जात्यावर बसणाऱ्या बाईने हा संकेत जुमानला नाही. सासूचा जाच, नवऱ्याचा उगारलेला हात, माहेरच्यांचे मौन हे सारे तिने ओवीत घातले. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी हिंडून लाखाच्या घरातील ओव्यांचा जो संग्रह सिद्ध केला, त्यात ही कैफियत जागोजागी भेटते. परंतु ती ऐकणारी बहुधा दुसरी बाईच असे. पुरुष निजलेले असत, आणि जागे असले तरी जात्याच्या घरघरीत शब्द नीट कळत नाहीत, ही सबब त्यांना आयतीच होती.

हे गाऱ्हाणे पुरुषांच्या देखत मांडण्याचे काम पुढे ज्या कलाकृतींनी केले, त्यांत मुंबईच्या स्त्री मुक्ती संघटनेने 1983 साली उभे केलेले, ज्योती म्हापसेकर यांनी लिहिलेले 'मुलगी झाली हो' हे नाटक अग्रगण्य होय. लोकगीतांच्या परिचित चाली, नेपथ्य जवळजवळ नाही, आणि भूमिका करणाऱ्या संघटनेच्या कार्यकर्त्या. त्याच वर्षी दंडसंहितेत कलम 498-अ दाखल झाले आणि विवाहितेचा छळ हा स्वतंत्र अपराध ठरला. हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. कारण फिर्याद घेण्याचा अधिकार सरकारने फौजदारास दिला, तरी आपल्या वाट्याला आले ते प्राक्तन नसून अपराध आहे, हे बाईला चौकीची पायरी चढण्यापूर्वी कोणीतरी सांगावे लागतेच.

याहून धीट प्रयोग पश्चिम बंगालमध्ये झाला. ब्राझीलचे नाटककार ऑगस्टो बोआल यांची पद्धत स्वीकारून, संजय गांगुली यांनी 1985 साली सुंदरबनच्या परिसरात स्थापन केलेली 'जन संस्कृती' ही संस्था हुंडा आणि घरातील मारहाण यांवरील नाटके गावकऱ्यांपुढे करते. नाटक प्रथम जसेच्या तसे, बाईच्या पराभवासह, पार पडते. मग सूत्रधार तेच पुन्हा आरंभ करवितो आणि प्रेक्षकांस मुभा देतो की, जेथे बाईने निराळे वागावयास हवे होते असे वाटेल तेथे 'थांबा' म्हणावे आणि स्वतः तिच्या जागी उभे राहावे. जागा घ्यावयाची ती पीडितेची. मारणाऱ्याची घेऊन त्याला एकाएकी सज्जन करून सोडणे या पद्धतीत जादू समजली जाते, आणि घरात जादू होत नसते. "मी असते तर सुनावले असते" असे बसल्या जागेवरून म्हणणे सोपे; रिंगणात नवरा अंगावर येतो, सासू दार अडवते, शेजारीण खिडकी लावून घेते, आणि सल्ला देणारीची जीभ टाळ्याला चिकटते. पुरुष तिच्या जागी उभा राहिला, तर त्याला ही पंचाईत अधिकच उमगत असावी.

म्हणूनच सुजलेल्या डोळ्यांची चित्रे छापून भिंती रंगविणाऱ्या जाहिरातींविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. पाहणारा हळहळतो, आपल्या घरी असे काही नाही अशी स्वतःची समजूत घालतो आणि बस पकडतो. शिवाय पैसे न देणे, माणसांत तोडून बोलणे, माहेरी जाऊ न देणे यांचे वळ उमटत नाहीत. 26 ऑक्टोबर 2006 पासून अमलात आलेल्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने शारीरिक इजेइतकीच शाब्दिक, मानसिक व आर्थिक छळाचीही दखल घेतली, पण चित्रकार अद्याप डोळ्याभोवतीच्या काळ्यानिळ्या रंगातच अडकलेले दिसतात.

नाटकवाल्यांवर मात्र एक जबाबदारी येऊन पडते. प्रयोग संपल्यावर एखादी रेंगाळते, बहिणीची म्हणून हकीकत सांगते, आणि 'घरातून काढलं तर?' असे हळूच विचारते. घर तिच्या नावावर नसले तरी त्यात राहण्याचा हक्क हा कायदा तिला देतो, संरक्षण अधिकारी अर्ज करण्यास साहाय्य करतो, आणि पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांच्या आत ठेवावी असा दंडक आहे, हे तिला त्याच वेळी सांगता आले पाहिजे; त्या अधिकाऱ्याच्या कचेरीचा पत्ता तर ढोलकीसोबत प्रत्येक पथकाच्या सामानात असावाच.