टाचण सुधारलं, हे कशावरून ठरवायचं?

'शिक्षकांनी एखादा कोर्स केला, की त्यांची बीजगणिताची पाठ टाचणं सुधारतात का?' हा प्रश्न घेऊन मी पीएचडीला सुरुवात केली, तेव्हा काम सोपं वाटलं होतं. एमएस्सीत आधीचं रीडिंग, नंतरचं रीडिंग आणि त्यातला फरक, एवढंच तर केलं होतं. इथेही कोर्सआधीची आणि नंतरची टाचणं घ्यायची, गुण द्यायचे, फरक काढायचा. तुमच्यापैकी कुणी शिक्षणशास्त्रातल्या संशोधनाचा विचार करत असाल, तर मी यात कुठे अडकले ते वाचा.

गुण देण्यासाठी मी एक तक्ता केला होता. त्यात एक मुद्दा असा: 'मुलांच्या संभाव्य चुकीचा आणि त्यावरच्या उपायाचा उल्लेख आहे का?' कोर्सनंतरच्या एका टाचणात स्वच्छ लिहिलं होतं: 'मुले ३क्ष + ४ = ७क्ष असे लिहितील. क्ष ला किंमत देऊन पडताळा घ्यावा.' मी पूर्ण गुण दिले.

मग तोच तास बघायला गेले. एका मुलाने खरंच ७क्ष सांगितलं. सर म्हणाले, "क्ष म्हणजे १ धरून बघ." मुलाने केलं. डावीकडे ३ + ४ म्हणजे ७ आणि ७क्ष म्हणजेही ७. "सर, सारखंच आलं की!" सर क्षणभर थांबले, मग "विजातीय पदांची बेरीज होत नाही" हा नियम सांगून पुढे गेले. क्ष = २ धरलं असतं, तर एकीकडे १० आणि दुसरीकडे १४ आले असते. १ ही एकच किंमत अशी, की जिथे चूकही बरोबर दिसते, आणि नेमकी तीच घेतली गेली.

आता सांगा, ते टाचण चांगलं होतं का?

ही चूक इतकी चिवट का?

अंकगणितात '+' दिसला की बेरीज करून एकच संख्या लिहायची, ही सवय मुलांना पाच-सहा वर्षं लागलेली असते. क्ष + ४ हेच उत्तर असू शकतं, हे पचत नाही. त्यात आपण सोपं करायला म्हणून सांगतो, '३अ म्हणजे ३ आंबे, ४ब म्हणजे ४ बोरं.' बेरजेपुरतं हे चालून जातं. पण अ × ब आलं की काय? आंबा गुणिले बोर? अक्षर वस्तूऐवजी संख्या दाखवतं, हा मूळ मुद्दाच हरवतो. १९७०च्या दशकात इंग्लंडमधल्या मुलांच्या उत्तरांचा अभ्यास करताना डिट्मार क्यूशमन यांनी 'अक्षर म्हणजे वस्तू' असा अर्थ लावण्याची वेगळी नोंद केली होती.

हे फक्त शाळेपुरतं नाही. जॉन क्लेमेंट यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या १५० विद्यार्थ्यांना 'प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत' हे समीकरणात मांडायला सांगितलं होतं. ३७ टक्के चुकले. नेहमीची चूक म्हणजे ६वि = प्रा. 'वि' म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या हे विसरून 'विद्यार्थी' असं वाचलं गेलं. तुम्हीही एकदा लिहून बघा.

कोर्समध्ये मग काय व्हायला हवं?

ली शुलमन यांनी १९८६ साली एक भेद मांडला: विषय येणं वेगळं आणि तो विषय शिकवण्यासाठी लागणारं ज्ञान वेगळं. आपल्या सरांना बीजगणित उत्तम येत होतं. कोणती किंमत चूक उघडी पाडेल आणि कोणती झाकेल, हे त्या दुसऱ्या प्रकारचं ज्ञान. ते व्याख्यान ऐकून येत नाही. मुलांच्या खऱ्या वह्या समोर ठेवून, चार शिक्षकांनी डोकी खाजवली की येतं.

जपानमधल्या पाठ-अभ्यासाच्या पद्धतीत शिक्षक मिळून टाचण लिहितात, एक जण शिकवतो, बाकीचे मुलांकडे बघतात, आणि मग टाचणावर पुन्हा चर्चा होते. मुलं काय काय म्हणतील, याला तिथल्या टाचणात वेगळी जागा असते. आपल्याकडे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात राखी बॅनर्जी आणि के. सुब्रमण्यम यांनी (त्यांचा लेख २०१२चा) सहावीच्या वयाच्या मुलांबरोबर 'पद' ही कल्पना अंकगणितातच रुजवली. १९ − ७ + ४ मध्ये +१९, −७ आणि +४ ही तीन पदं, चिन्हासकट. मग १९ + ४ − ७ शी तुलना, तीही हिशोब न करता. राशीकडे रचना म्हणून बघायची सवय अशी अक्षरं येण्याआधीच लागते. अशी उदाहरणं कोर्समध्ये आली, तर टाचणात लिहिण्यासारखं काहीतरी हाती लागतं.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रमाणे प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यायचे आहेत. म्हणजे 'कोर्सने फरक पडला का' हा प्रश्न आता अनेक जण घेणार. तेव्हा तीन गोष्टी सांभाळा.

पहिली, कोर्समधले शब्द टाचणात आले म्हणजे विचार बदलला असं नाही. शिकवलेलेच शब्द मोजलेत, तर गुण वाढणारच. दुसरी, 'उल्लेख आहे का' यापेक्षा 'नेमकं काय करणार, आणि हेच का' हे विचारा. माझ्या तक्त्यातला तो मुद्दा मी तसा बदलला आणि सगळी टाचणं पुन्हा तपासली. बराच 'फरक' गळून पडला. वाईट वाटलं, पण उरला तो विश्वास ठेवण्यासारखा होता. तिसरी, थोडे का होईना, तास बघा. नुसत्या कागदावरून माझी चूक मला कधीच कळली नसती.

आणि ते सर? तासानंतर मी काही बोलायच्या आतच त्यांनी टाचणवही काढली आणि समासात पेनने लिहिलं, 'क्ष = १ घेऊ नये. २ आणि ५ घ्यावे.' माझ्या जुन्या तक्त्यात या ओळीला एकही गुण नव्हता.